औरंगाबादचा इंग्रजी कोश आणि आपली फाडफाड इंग्रजी

टीव्ही सेंटरपासून बीड बायपासपर्यंत कुठेही फिरा, 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' असा बोर्ड दिसल्याशिवाय राहत नाही. यातल्या काही क्लासमध्ये एक नियम असतो. आत आल्यावर मराठी बोललं की दहा रुपये दंड. हिंदी-उर्दू बोललं तरी दंड. मुलं मग गप्पच बसतात. दंड वाचतो, इंग्रजी तशीच राहते.

हे आज लिहायचं कारण म्हणजे ओळखीतल्या एका मुलाचा इंटरव्ह्यू. मेकॅनिकलचा डिप्लोमा, मार्क चांगले, हात त्याहून चांगला. शेंद्र्याच्या एका कंपनीत बोलावणं आलं. दहा-बारा उमेदवारांना एका खोलीत बसवलं आणि एचआरच्या बाई हसत म्हणाल्या, 'लेट अस ब्रेक द आइस फर्स्ट.' पोराला ब्रेक माहीत होता, आइसही माहीत होता. दोन्ही एकत्र आल्यावर काय करायचं असतं ते माहीत नव्हतं. टेबलावर बर्फ कुठे दिसतोय का, ते त्याने खरंच पाहिलं. मग घाबरला आणि शेवटपर्यंत त्याचं तोंड उघडलं नाही. नोकरी गेली.

आता गंमत बघा. 'कोंडी फोडणे' हा वाक्प्रचार त्या पोराला लहानपणापासून माहीत आहे. 'चर्चेची कोंडी फुटली' हे तो रोज पेपरात वाचतो. 'ब्रेक द आइस' म्हणजे जवळपास तेच. पण ही गाठ त्याला बारा-पंधरा वर्षांच्या शिक्षणात कुणी बांधून दिली नाही. आणि ज्या शहरात हे घडलं, त्याच शहरात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वी अशा हजारो गाठी बांधणारं एक पुस्तक तयार झालं होतं. फक्त ते मराठीत नव्हतं.

'द स्टँडर्ड इंग्लिश-उर्दू डिक्शनरी', १९३७. प्रकाशक अंजुमन तरक्की-ए-उर्दू, औरंगाबाद, दक्कन. (जुन्या काळाबद्दल लिहिताना मी शहराचं जुनं नाव लिहितोय, कारण पुस्तकावर तेच छापलेलं आहे. उगाच वाद नको.) दीड हजाराच्या आसपास पानं. पाया ऑक्सफर्डच्या कन्साइज डिक्शनरीचा. उर्दू जगात आजही इंग्रजी-उर्दू कोशांचा विषय निघाला की या कोशाचं नाव निघतं. दिल्ली, लाहोर, कराचीतल्या अभ्यासकांना तो माहीत आहे. आपल्याकडे शंभर पत्रकारांना विचारा, पाच सांगतील की नाही शंका आहे.

हा कोश करणारा माणूस म्हणजे मौलवी अब्दुल हक, ज्यांना पुढे 'बाबा-ए-उर्दू' म्हटलं गेलं. मूळचे उत्तरेतले, हापुडकडचे. अलिगडला शिकले आणि नोकरीसाठी निजामाच्या राज्यात आले. शिक्षण खात्यात शाळा तपासनीस म्हणून काम केलं आणि औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजचे प्राचार्यही झाले. अंजुमन ही संस्था १९०३ची. तिचे पहिले अध्यक्ष टी. डब्ल्यू. अर्नोल्ड नावाचे इंग्रज प्राध्यापक होते, हेही कुणाला सांगितलं तर पटत नाही. १९१२ मध्ये अब्दुल हक तिचे सचिव झाले आणि संस्थेचा संसारच औरंगाबादला घेऊन आले. १९२१ पासून 'उर्दू' नावाचं त्रैमासिक इथूनच निघालं. पुस्तकं निघाली. दख्खनी भाषेतल्या जुन्या हस्तलिखितांवर काम झालं. 'मराठीवर फारसीचा प्रभाव' या विषयावरही अब्दुल हक यांनी पुस्तक लिहिलं. म्हणजे माणूस नुसता उर्दूच्या खोलीत दार लावून बसलेला नव्हता, शेजारच्या घरात काय शिजतंय तिकडेही लक्ष होतं.

बीबी-का-मकबऱ्याच्या बागेतल्या एका माळ्यावर त्यांनी लिहिलेलं व्यक्तिचित्र उर्दूत फार गाजलं. माळ्याचं नाव नामदेव. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला. भारत-पाकिस्तानात उर्दू शिकलेल्या कितीतरी लोकांना आपला मकबऱ्याचा नामदेव माळी माहीत आहे, आपल्याला नाही. असो, हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

तर कोश. शब्दाचा कोश करणं त्या मानाने सोपं. टेबल म्हणजे मेज, पेन म्हणजे कलम. खरी मारामार असते ती वाक्प्रचारांशी, कारण तिथे शब्दांच्या अर्थांची बेरीज करून वाक्याचा अर्थ निघत नाही. पन्नाशीतला माणूस 'किक द बकेट' झाला म्हणजे त्याने बादलीला लाथ मारली नाही, तो गेला. अशा ठिकाणी कोशकाराला आपल्या भाषेत तोच प्रसंग शोधावा लागतो. इंग्रजाची कढई आणि त्याखालची आग मराठीत 'आगीतून फुफाट्यात' होते आणि उर्दूत 'आसमान से गिरा, खजूर में अटका'. इंग्रजीतला वाईट कारागीर हत्यारांशी भांडतो, मराठीत त्याच माणसाला नाचता येत नाही म्हणून अंगण वाकडं असतं, आणि गंमत म्हणजे उर्दू-हिंदीतही अंगणच वाकडं. इंग्रजाचा निळा चंद्र कधीतरी उगवतो, आपल्याकडे कपिलाषष्ठीचा योग कधीतरी येतो. हे जुळवायला दोन्ही भाषांत मुरलेली माणसं लागतात. अब्दुल हक यांनी अशी माणसं जमवली. जामिया मिलियाचे डॉ. आबिद हुसेन यांचाही या कामात मोठा हात होता. काही वर्षं ही माणसं इंग्रजांच्या म्हणींना आपल्या भाषेतली सोयरीक बघत बसली, आणि या सगळ्याचं ठिकाण होतं आपलं शहर.

हे काम इथेच का झालं? कारण निजामाच्या राज्यात तेव्हा एक मोठा प्रयोग चालू होता. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं आणि तिथे विज्ञान, कायदा, वैद्यक सगळं उर्दूतून शिकवायचं ठरलं. इंग्रजांच्या भारतात विद्यापीठ म्हणजे इंग्रजी, हे समीकरण त्यांनी मोडलं. त्यासाठी १९१७ मध्येच भाषांतराचं स्वतंत्र खातं निघालं होतं, दारुल तर्जुमा. त्याचे पहिले प्रमुखही अब्दुल हकच. आणि इतकं करून इंग्रजी टाकून दिली नाही. उस्मानियात इंग्रजी हा विषय सक्तीचा होता. ज्ञान आपल्या भाषेत आणि इंग्रजी एक भाषा म्हणून नीट शिका, असा तो हिशेब होता. आज आपण ज्या मातृभाषेतल्या उच्च शिक्षणाची चर्चा करतो, ती आपल्या मागच्या अंगणात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेली आहे.

पण इथे एक मोठा 'पण' आहे, आणि तो मराठवाड्याच्या माणसाने गिळू नये.

आपल्या भाषेत म्हणजे कुणाच्या? औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत घराघरात मराठी होती. तेलंगणात तेलुगू, खाली कन्नड. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा मात्र उर्दू. शाळेच्या पायऱ्यांची नावंसुद्धा तहतानिया, वस्तानिया, फौकानिया. आपल्याकडच्या ऐंशी-नव्वदीतल्या आजोबांना विचारा, 'वस्तानियापर्यंत शिकलो' असं अजून सांगतील. पैठणच्या किंवा वैजापूरच्या शेतकऱ्याच्या पोराला इंग्रजीपर्यंत जायचं तर आधी उर्दूचा घाट चढावा लागे. इंग्रजी शब्दाचा अर्थ उर्दूत, आणि त्या उर्दू शब्दाचा अर्थ घरच्या मराठीत, असा दोन नद्या ओलांडून प्रवास. पूल उत्तम बांधला होता यात शंका नाही, पण तो दुसऱ्याच्या घाटावर होता.

याच काळात पलीकडे मुंबई इलाख्यात काय होतं? मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली आला होता. म्हणजे औरंगाबादच्या कोशाच्या नव्वद वर्षं आधी. मुंबई विद्यापीठ १८५७चं. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घरोघरी होत्या. मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा, अशी ती पद्धत. तिला पुढे खूप नावं ठेवली गेली. वाक्यं विचित्र असायची, बोलायला उपयोग नाही, वगैरे. मान्य. पण त्या पद्धतीत एक गोष्ट पक्की होती. मुलगा मराठीचा हात धरून इंग्रजीत उतरायचा. पुण्या-मुंबईच्या दोन-तीन पिढ्या अशा उतरल्या. आमच्या आजोबांच्या वाट्याला तर्खडकर आले नाहीत. मराठवाड्याचा माणूस इंग्रजीत मागे का, असं पुण्यात बसून विचारणाऱ्यांनी एवढा नकाशा आधी बघावा.

१९३८ साली अंजुमनचं कार्यालय औरंगाबादहून दिल्लीला गेलं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातून 'वंदे मातरम्' आंदोलन सुरू झालं आणि हैदराबादपर्यंत पसरलं. ज्या कॉलेजचे अब्दुल हक एकेकाळी प्राचार्य होते, तेच हे कॉलेज. दहा वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला, निजामाचं राज्य संपलं. अब्दुल हक फाळणीनंतर कराचीला गेले, १९६१ मध्ये तिथेच वारले. उस्मानिया विद्यापीठ उर्दूवरून इंग्रजीवर आलं. तीस वर्षं जमवलेली परिभाषा बासनात गेली. आणि कचेऱ्यांतलं सगळं दप्तर जुन्या भाषेत तसंच राहिलं. ते पुन्हा कधी उघडलं? २०२३ मध्ये, मराठा-कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यावर. तेव्हा आमच्या गावोगावच्या लोकांना उर्दू आणि मोडी वाचणारा माणूस शोधत फिरावं लागलं. आजोबांनी शिकलेली भाषा नातवाला आरक्षणासाठी लागली. भाषा अशी सूड उगवते.

१९५१च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरातले जेमतेम नऊ-दहा लोक साक्षर होते. त्या सुमारास, म्हणजे जून १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं. पुढे त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय झालं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. त्याआधी पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावं लागे. ज्याच्या घरी भाकरीची भ्रांत, त्याने हैदराबाद कुठून गाठायचं?

बाबासाहेबांचं एक वैशिष्ट्य आपण पुरेसं बघत नाही. त्यांची मोठी पुस्तकं इंग्रजीत आहेत. पण सभेत माणसांशी बोलायला मराठी, 'मूकनायक' मराठी, 'बहिष्कृत भारत' मराठी, 'जनता' मराठी. त्यांना इंग्रजी यायची म्हणून मराठी सुटली नाही आणि मराठी होती म्हणून इंग्रजी अडली नाही. कॉलेजला त्यांनी नाव दिलं तेही बघा. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. तो भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारतो, त्याचा ग्रंथ म्हणजे 'मिलिंदपञ्हो'. परिसराचं नाव नागसेनवन. नागसेन अवघड तत्त्वज्ञान कसं समजावतो? राजाला विचारतो, तू इथे कशाने आलास? रथाने. मग रथ म्हणजे काय, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? रोजच्या वापरातली वस्तू उचलायची आणि तिच्यावरून अनोळखी गोष्टीकडे न्यायचं.

मिलिंदमध्ये आलेली बरीच पोरं घरातली पहिली शिकणारी होती. त्यांच्यापुढे इंग्रजी उभी राहिली ती साहेबाची भाषा म्हणून कमी आणि गावकुसाबाहेर पडायचं दार म्हणून जास्त. या दाराचं पुढे काय झालं ते मराठी साहित्याला माहीत आहे. इंग्रजी साहित्य शिकवणारे, अमेरिकेत संशोधन करून आलेले म. ना. वानखेडे मिलिंदचे प्राचार्य झाले. अमेरिकेतले कृष्णवर्णीय लेखक काय लिहितात, हे त्यांनी इथल्या तरुण लेखकांपुढे मांडलं. मिलिंदमध्येच मराठी शिकवणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' सुरू केलं. हार्लेमची गोष्ट नागसेनवनात आली आणि इथे तिने आपली स्वतःची मराठी घेतली. इंग्रजी शिकून कुणी नकली साहेब झाला नाही, उलट मराठीत आजवर कुणी न लिहिलेलं लिहिलं गेलं. इंग्रजी शिकायची कशाला, याचं इतकं जिवंत उत्तर मला दुसरं ठाऊक नाही.

ही झाली कॉलेजची वाट. गल्लीतली वाट वेगळी होती आणि ती पुस्तकाशिवाय चालू होती. छावणीत इंग्रजी फौज होती. १९०० च्या सुमारास मनमाडकडून गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे आली. रेल्वेने किती शब्द आणले! टेसन, शिंगल, इंजन, गारड, पारसल. आणि एक वाक्प्रचार असा आणला की आम्हा बातमीदारांचं त्याच्याशिवाय पान हलत नाही. 'प्रस्तावाला हिरवा कंदील.' गाडीच्या गार्डच्या हातातला दिवा मंत्रालयात जाऊन बसला. त्यात कंदील हा शब्द अरबीतून आलेला, कल्पना इंग्रजी आणि 'दाखवणे' आपलं. 'लाल फीतशाही' घ्या. कल्पना इंग्रजाची, फीत पोर्तुगिजांची, शाही फारसी. एका शब्दात तीन राजवटी, आणि फाइल तरी हलत नाहीच.

मी डेस्कवर काम केलं तेव्हा रोज रात्री एजन्सीच्या इंग्रजी बातम्यांचं मराठी करायचो. तिथे कळलं की मराठी पेपरची अर्धी भाषा अशीच शिवलेली आहे. सिंहाचा वाटा, प्रकाश टाकणे, पांढरा हत्ती, नक्राश्रू, शीतयुद्ध, चहाच्या पेल्यातलं वादळ. सिंहाचा वाटा तर फार आधी आला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या, तेव्हापासून हा सिंह आपल्याकडे मुक्कामाला आहे. काही पाहुणे मात्र अजून अवघडून बसलेले दिसतात. 'हा घोटाळा म्हणजे हिमनगाचं टोक', असं आम्ही मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत, पाण्याच्या टँकरच्या बातमीत लिहितो. हिमनग कुणी पाहिलाय? जायकवाडीत तर नाही. आणि एका सहकाऱ्याने 'मंत्र्यांनी पास द बक केलं' याचं 'मंत्र्यांनी हरीण पुढे केलं' असं केलं होतं. वेळेत दिसलं म्हणून छापून आलं नाही, नाहीतर वन खात्याचा खुलासा आला असता.

हसून सोडू नका. तो सहकारी हुशार होता. व्याकरण त्याचं माझ्यापेक्षा बरं होतं. त्याला शब्द शिकवले होते, शब्दांची संगत शिकवली नव्हती. शेंद्र्याच्या खोलीत गप्प बसलेल्या पोराचंही तेच. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होती. शब्दार्थ पाठ, गाईडमधली उत्तरं पाठ, निबंध पाठ. म्हणी आणि वाक्प्रचार म्हणजे दोन मार्कांचा प्रश्न, ऑप्शनला टाकायचा. कॉलेजात गेल्यावर मग रॅपिडेक्स, ज्याच्या जाहिरातीत कपिलदेव असायचा. ते पुस्तक न घेतलेलं घर तेव्हा सापडणं कठीण. निम्म्याहून अधिक पानं कोरी करकरीत राहिली, ती गोष्ट निराळी.

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यात इंग्रजी पहिलीपासून आली. तेव्हा खूप गदारोळ झाला. मराठी मरेल इथपासून गरिबाच्या पोराला संधी मिळेल इथपर्यंत. माझं मत विचाराल तर तो निर्णय चुकीचा नव्हता. झेडपीच्या पोराने चार वर्षं उशिरा का सुरू करावं? चूक झाली ती पुढे. शिकवायचं कसं, यावर तेवढा गदारोळ कुणी केलाच नाही. त्या पोरांची पहिली तुकडी आता तिशीत आहे आणि तीस दिवसांच्या क्लासची फी भरते आहे. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला, राज्य पेटलं, २९ जूनला तो मागे घेतला. त्या सगळ्या चर्चेतही प्रश्न एवढाच की कुठली भाषा कितवीपासून. शिकवणारा माणूस मुलाच्या घरच्या भाषेचा वापर कसा करणार, यावर एकही टीव्ही चर्चा मी पाहिली नाही.

दंडाच्या क्लासवाल्यांचं म्हणणं असं, की मराठीत विचार केला तर इंग्रजी येत नाही. यात थोडं तथ्य आहे. बोलताना आधी मराठी वाक्य जुळवून मग त्याचं इंग्रजी करत बसलं तर गाडी सुटते. कानावर भरपूर इंग्रजी पडली पाहिजे, तोंडाने बोलली पाहिजे. वेरूळ-अजिंठ्याला स्फटिक आणि पुस्तकं विकणारी पोरं बघा. शाळा सुटलेली, पण पर्यटकाशी घासाघीस इंग्रजीत, आणि समोर जपानी आला तर चार वाक्यं जपानीतसुद्धा. कुणी दंड लावला नव्हता. गिऱ्हाईक होतं, गरज होती, लाज नव्हती. पण समजून घेणं आणि बोलणं यात फरक आहे. बोलायला सराव लागतो, समजायला आपल्या भाषेचा आधार लागतो. आधारच काढून घेतला तर मूल समजल्यासारखं दाखवायला शिकतं.

एक साधं उदाहरण. 'ब्रेक' हा एकच इंग्रजी शब्द घ्या. क्लासमध्ये याचे वीस उपयोग पाठ करायला देतात आणि पोरं आठवड्यात विसरतात. आता आपल्या मराठीत बघा. विक्रम मोडणे, कायदा मोडणे, दिलेला शब्द मोडणे, संप मोडून काढणे, बातमी फोडणे, कोंडी फोडणे, उपास सोडणे. मोडणे, फोडणे, सोडणे. इंग्रजाकडे या सगळ्या ठिकाणी एकटा ब्रेक राबतोय. तिसरीच्या मुलाला हे फळ्यावर मांडून दाखवलं तर दोन गोष्टी एकदम होतात. इंग्रजी शब्दाचा पसारा कळतो आणि आपल्या भाषेकडे तीन शब्द आहेत म्हणून मान जरा वर होते. कन्नड तालुक्यातल्या झेडपी शाळेत एका शिक्षिकेला मी हे करताना पाहिलं आहे. त्यांच्या वर्गात तीन रकान्यांची वही आहे. एकात इंग्रजी म्हण, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात घरात बोलतात तशी. तिसऱ्या रकान्यात कुणी दख्खनी लिहितं, कुणी बंजारा, कुणी आजीची शिवराळ मराठी. त्या वहीला कुठल्याही योजनेचं नाव नाही, निधीही नाही. बाईंना औरंगाबादचा १९३७चा कोश माहीत नव्हता, पण काम त्याच जातीचं. फरक एवढाच की हा घाट पोरांच्या स्वतःच्या गावचा आहे.

तो कोश मी आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे पाहिला. त्यांना म्हटलं, सर, मला उर्दू वाचता येत नाही, 'आइस'चं पान काढून वाचून दाखवा. चष्मा लावून ते निवांत वाचत होते आणि मी मनात मराठी जुळवत होतो. शेवटी म्हणाले, यही काम मराठी में भी इसी शहर में होना चाहिए था ना?

व्हायला हवं होतं. अजूनही होऊ शकतं. इथे १९५८ पासून विद्यापीठ आहे, त्यात इंग्रजी, मराठी, उर्दू असे तिन्ही विभाग आहेत. गावोगावी अशा वह्या करणारे शिक्षक आहेत. आधी सामान तरी गोळा करू. तुमच्या घरात कुणाची वस्तानिया-फौकानियाच्या काळातली इंग्रजीची वही, जुनं पाठ्यपुस्तक, अंजुमनचा औरंगाबादचा शिक्का असलेलं पुस्तक असेल तर रद्दीत घालू नका. पहिल्या पानाचा आणि मधल्या दोन पानांचा फोटो काढून मला पाठवा. आजोबा-आजी हयात असतील तर ते इंग्रजीचे अर्थ कुठल्या भाषेत पाठ करायचे, एवढं विचारून ठेवा. मी दिवाळीनंतर जालना, परभणी, नांदेड करणार आहे. वही दाखवायला कुणी तयार असेल तर घरी येईन.